कोल्ह्याच्या देवळापाशी

सिएटलजवळच्या एका गावात मालिनीचा सगळा संसार झाला. दातांच्या एका डॉक्टरांकडे ती रिसेप्शनवर होती. घाबरत आलेल्या पेशंटला बोलण्यात गुंतवावं तर तिनेच. नवरा विनय पुण्याहून सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी आला तो इथलाच झाला. मुलगी नेत्रा लग्न होऊन मिनेसोटाला, ईडन प्रेरीत राहायला गेली. आता दोघांनी मनसोक्त हिंडायचं, असं ठरवून मालिनीने नोकरी सोडली, आणि त्याच वर्षी विनय विसरायला लागला.

आधी शब्द गेले, मग माणसांची नावं, मग रस्ते. ऑक्टोबरातल्या एका दुपारी ती आंघोळीला गेली तेवढ्यात तो दार उघडून बाहेर पडला. मालिनीने गाडी काढून सगळ्या गल्ल्या पालथ्या घातल्या, पोलिसांना कळवलं. दिवस कलताना एका अनोळखी बाईचा फोन आला. विनयच्या मनगटावरच्या पट्ट्यावर तिला मालिनीचा नंबर सापडला होता.

पत्ता गावाबाहेरच्या टेकडीचा होता. उंच झाडांच्या दाटीत एक लाल लाकडी कमान, तिच्यामागे दोन दगडी कोल्हे आणि कपाटाएवढं जपानी देऊळ. त्या रस्त्याने ती इतकी वर्षं गाडी चालवत होती, पण हे कधी नजरेस पडलं नव्हतं. देवळाच्या पायरीवर विनय शांत बसला होता. खांद्यावर कुणाचा तरी स्वेटर, हातात चहाचा कप. शेजारी फुमी नावाची म्हातारी बाई होती. देवळाची देखभाल तीच करायची.

फुमीने मालिनीलाही चहा दिला आणि देवळाची गोष्ट सांगितली. तिच्या आजोबांचा इथे स्ट्रॉबेरीचा मळा होता. त्यांची धाकटी मुलगी एकदा धुक्यात हरवली आणि एका कोल्ह्यामागून चालत घरी आली, म्हणून त्यांनी हे देऊळ बांधलं. पुढे महायुद्धात जपान शत्रू ठरला, तेव्हा सरकारने या किनाऱ्यावरच्या सगळ्या जपानी लोकांना घरांतून उचलून छावण्यांत नेलं. आजोबांना वेगळं काढून दुसऱ्याच छावणीत नेलं. युद्ध संपल्यावर आजी मुलांना घेऊन परतली आणि रोज संध्याकाळी त्यांची वाट बघत या पायरीवर येऊन बसू लागली. हरवलेल्या माणसाला कोल्हा इथे आणून सोडतो, असं आजूबाजूचे लोक अजून म्हणतात.

"मग आले आजोबा?" मालिनीने विचारलं.

"नाही," फुमी म्हणाली. "पण आजी कोल्ह्यावर कधी रागावली नाही. म्हणायची, त्याला वाट ठाऊक आहे. माणूसच उरला नसेल तर तो बिचारा कुणाला आणणार?"

त्यानंतर मालिनी विनयला घेऊन अधूनमधून तिथे जाऊ लागली. घरात तो सारखा येरझारा घालायचा, कपाटं उघडायचा. तिथे मात्र स्वस्थ बसायचा. तेवढा वेळ तिलाही विसावा मिळे. फुमी पालापाचोळा झाडत असे, फारशी बोलत नसे.

वसंतात एकदा ती त्याचा मफलर नीट करायला वाकली, तर तो संकोचून मागे सरकला. मग फार अदबीने म्हणाला, "काकू, तुम्ही कशाला त्रास घेताय? माझी बायको येईलच इतक्यात. तिला वेळेचं भान नसतं जरा, पण येते."

जवळ बसावं की लांब जावं, हे मालिनीला कळेना. शेवटी ती त्याच्यापासून जरा अंतर ठेवून पायरीवर टेकली.

"येईल ना," ती म्हणाली. "तोवर मी थांबते इथे."

"थांबा," तो म्हणाला, आणि रस्त्याकडे बघत राहिला.

परतताना तो गाडीत बसायला तयार होईना. बायको आली तर चुकामूक होईल म्हणायचा. फुमीने त्याचा हात धरला, ती आली की आपण तिला घरी पाठवू असं सांगितलं, तेव्हा कुठे तो बसला.

उन्हाळ्यात तो तिला ढकलून बाहेर पळू लागला. एकदा ती पडली, मनगट मोडलं. नेत्रा धावत आली आणि तिने बाबांना केअर होममध्ये ठेवायला आईला भाग पाडलं. मालिनी रोज जायची. तिच्याशी तो शेवटपर्यंत गोड बोलला, पाहुण्याशी बोलावं तसं. हिवाळ्यात न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि तो गेला.

आईने इथे एकटीने राहू नये, असं नेत्राचं म्हणणं पडलं. मालिनीने वाद घातला नाही. घर विकलं. निघण्याआधी ती टेकडीवर गेली. कोल्ह्यांच्या डोक्यांवर शेवाळ चढलं होतं. गुडघ्यांमुळे फुमीला आता वाकवत नव्हतं. मालिनीने ओल्या फडक्याने दोन्ही कोल्हे पुसून काढले. हात जोडावेत की नाही या विचारात ती जरा वेळ उभी राहिली, आणि मग तिला रडू फुटलं. फुमीने ते आवरायला सांगितलं नाही.

आता ती ईडन प्रेरीत असते. रविवारी ती आणि फुमी फोनवर बोलतात. सांगण्यासारखं फारसं काही नसतं. फुमी हवा कशी आहे ते सांगते, मालिनी नातवंडांचं सांगते. मग दोघी गप्प होतात, आणि फोन ठेवायची घाई कुणीच करत नाही.