कुडीचा तपास

लग्न होऊन मी नुकतीच भांडगावात आले होते. सासरी जेवणं टीव्हीसमोरच व्हायची. त्या संध्याकाळी आमच्या आवडीच्या कौटुंबिक मालिकेत चोरी झाली. घरातले आजोबा कोट-हॅट चढवून, हातात भिंग घेऊन गुप्तहेर बनले. सगळ्यांना सोफ्यावर बसवून त्यांनी एकेकाची उलटतपासणी घेतली आणि चोरीचा लाडू शेवटी त्यांच्याच खिशात निघाला. आम्ही पोट धरधरून हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंची कानातली एक कुडी हरवली. सोन्याची, त्यांच्या माहेरची. चुलत सासऱ्यांना आम्ही आबा म्हणतो. गावातली भांडणं मिटवण्यात त्यांची हयात गेली. त्यांनी डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि म्हणाले, "चला, समदी वसरीवर बसा. आज मी डिटेक्टिव्ह." परत हसणं. एकेकाला विचारत ते माझ्यापाशी आले.

"तुझ्या सासूची खोली कुणी झाडली?"

"मी, आबा."

"तवा कुडी दिसली?"

"न्हाई."

"आन् तुझ्याबिगर आत कोण गेलं?"

कुणीच गेलं नव्हतं. हसू कधी थांबलं ते कळलंच नाही. शिरूरहून आलेली मी एकटीच तिथं परकी होते, आणि ते सगळ्यांना एकदमच आठवलेलं दिसलं.

आबांनी टॉवेल काढला. "मग पोरी, भंडारा उचल. इषय मिटला."

खंडोबाची हळद हातात घेऊन खोटं बोललं तर घराचं वाटोळं होतं, असं आमच्याकडं लहान पोरही मानतं. बांधाच्या भांडणात माणसं तो उचलतात. मी नवऱ्याकडं पाहिलं. "नको" एवढा एक शब्द मला हवा होता. ते मोबाइल बघत होते. मला इतका संताप आला की भंडारा हिसकावल्यासारखा उचलला, त्यातला थोडा खाली सांडला, आणि तो सांडलेलाही सगळ्यांनी नीट बघून घेतला.

दुपारी कुडी सासूबाईंच्या उशीच्या अभ्र्यात सापडली. "डिटेक्टिव्ह फेल!" म्हणून आबा मोठ्यानं हसले. सासूबाईंनी मला स्वतः चहा करून दिला. माफीबिफी कुणी मागितली नाही. गंमत होती म्हणे.

संध्याकाळी मी आणि नवरा काही कामासाठी दौंडला निघालो. गाडीवर मागं बसून मी विचारलं, "सकाळी तुम्हाला काय वाटलं होतं?"

त्यांनी गाडी हळू केली. माझी समजूत काढत, अगदी मायेनं म्हणाले, "अगं, तू भंडारा उचललास ना, तवाच माझी खात्री पटली, कुडी तू घेतली न्हाईस."

आपण काय बोलून गेलो, याचा त्यांना पत्ताच नव्हता. मी त्यांच्या खांद्यावरचा हात काढून गाडीची मागची दांडी धरली.