अय्याज मिस्त्रीचा आवळलेला निंब

बाभुळगावात पाण्याची मोटर बिघडली की एकच नाव निघायचं, अय्याज मिस्त्री. दुकान म्हणायला टिनाची टपरी, पण खरं दुकान तिच्यावरचा कडुनिंब. त्याच्या सावलीत मोटर उघडायची आणि बाकड्यावर बसून मिस्त्रीची बडबड ऐकायची. जगातली प्रत्येक वस्तू त्याच्या लेखी पंप होती. माणसाचं काळीज पंप, म्हैस पंप, बोलायला लागला की त्याचा सासराही पंप!

"हा निंब पाहा," तो म्हणायचा, "बिल नाई, बटन नाई, अन् पाणी डायरेक्ट शेंड्यावर!"

दोन हजार पाचच्या पुढची ती वर्षं. कापसानं हात दिला नव्हता, विहिरी आटल्या होत्या, मग मोटर दुरुस्त कोण करणार? तरी बाकडं रिकामं नसायचं. घरी बसून डोकं भणाणायचं, म्हणून आम्ही तिथं जाऊन बसायचो. ती सावली नसती तर मला वेड लागलं असतं, हे मी आजही शपथेवर सांगेन.

टपरीचं छप्पर वाऱ्यानं उडू नये म्हणून मिस्त्रीनं खोडाला जाड तार पिळून आवळली होती. तार सालीत रुतली आणि तिच्या वरचं खोड फुगलं. "बॉडी बनवून राह्यला," मिस्त्री छाती फुगवून सांगायचा. आम्हीही माना डोलवायचो.

थंडी सरता सरता संत्र्याची कलमं बांधणारे विठ्ठलराव मोटर घेऊन आले. खोडाकडे लक्ष गेलं आणि चहा त्यांच्या हातातच राहिला.

"मिस्त्री, झाड मारून राह्यला तू."

"काय काका! पानं तं हिरवीगार हायेत."

"पाणी आतल्या लाकडातून वर चढते, ते चालू हाय. पण पानं जे अन्न बनवते, ते सालीतून खाली मुळाइले जाते. तो रस्ता तू बंद केला. हे फुगलं ते अडकलेलं अन्न हाय. खाली मुळं उपाशी मरून राह्यली. मुळंच मेली, तं पाणी कोण ओढन?"

मिस्त्रीनं रुतलेल्या तारेवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाला, "म्हंजे जेट पंप. एक पाइप वर, एक खाली. मी खालचा दाबला."

त्यानं पक्कड घेऊन तार तोडली. तारेखाली साल उरलीच नव्हती, सुकं लाकूड दिसत होतं. विठ्ठलरावांनी निंबाच्याच कोवळ्या काड्या कापल्या. प्रत्येकीचं एक टोक जखमेखालच्या सालीत, दुसरं वरच्या सालीत बसवलं, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधलं आणि वरून शेणमाती लिंपली. काड्या जगल्या तर अन्न त्यांतून खाली उतरणार होतं.

"झाड गेलं तं दुकान बंद करून मी पुसदले साळ्याकडे चाललो," मिस्त्री मला म्हणाला. डोळे भरले होते त्याचे.

पानगळ झाली. गावातल्या बाकीच्या निंबांना तांबूस पालवी फुटली, मिस्त्रीचा मात्र बोडकाच. हा गडी मान मोडेस्तोवर वर पाहत बसायचा. शेवटी पालवी आली, पण अर्ध्याच झाडाला. मागच्या सांडपाण्याच्या नालीकडच्या काड्या जगल्या होत्या, रस्त्याकडच्या वाळून गेल्या. टपरी होती रस्त्याच्या बाजूला, बोडक्या फांद्यांखाली, रखरखत्या उन्हात. आता हा पुसदला जाणार, असं मी धरूनच चाललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री रस्त्यात उभा राहून ओरडत होता, "रिकामेच हाय ना सगळे? मंग हात लावा!"

आम्ही टपरी उचलली आणि झाडाच्या पलीकडे नेऊन ठेवली. आता दुकानाचं तोंड नालीकडे, पाठ रस्त्याला.

"अरे, गिऱ्हाइकाले दुकान दिसन कसं?" मी विचारलं.

"मोटर बिघडली का येईन शोधत," मिस्त्री म्हणाला. "तुमी लोकं कुठी बसान, ते सांगा."

मी बाकडं आणायला गेलो.