वजनात न धरलेलं सामान

वजन जास्त होतं म्हणून नवऱ्याने मला विमानात घेतलं नाही, असं मी सगळ्यांना सांगते. खरं तर माझी जागा मीच सोडली.

मकरंदने पन्नाशीत विमान चालवायचं लायसन काढलं. (इथे सिंगापुरात आमच्या ब्लॉकमधले बाकीचे पुरुष या वयात गुडघ्यांसाठी पोहायला जातात.) आमची एकुलती एक जुई शिकायला मेलबर्नला निघाली होती. त्याआधी क्लबचं छोटं विमान घेऊन तिघांनी मलेशियातल्या एका बेटावर जायचं आणि तंबूत राहायचं, असं ठरलं. मला तंबू, समुद्र, विमान यांतलं काहीच नको होतं. जुई दोन दिवस माझ्या शेजारी बसेल, एवढंच हवं होतं.

सामान किती न्यायचं ते मकरंदने बजावून सांगितलं होतं. मी ते तंतोतंत पाळलं. फक्त खाण्याचं सामान आमच्या घरी सामानात धरत नाहीत. म्हणून भाजणी, गूळपोळ्या, लोणचं, कुकर आणि माझा बिडाचा तवा वेगळा.

क्लबच्या खोलीत वजनकाटा होता. मकरंदने सगळं त्यावर चढवलं, आम्हालाही चढवलं, आणि म्हणाला, "एवढं घेऊन उडता येणार नाही. डबे काढ."

"मग पोरगी खाईल काय?"

"तिथे दुकान आहे, आई," जुई म्हणाली.

दुकान! मला राग आला. मी म्हटलं, "राहू दे. डबे न्या, मीच राहते."

हेच मी पुण्यात माहेरी म्हटलं असतं, तर आत्याने हात धरला असता, काकांनी डबे खाली ठेवले असते, मी आणखी दोनदा नको म्हटलं असतं आणि सगळ्यांवर उपकार केल्यासारखी विमानात जाऊन बसले असते. पण मकरंद त्या वेळी नवरा नव्हता, वैमानिक होता. त्याने मला वजा केलं.

"हो, मग बसतंय," तो म्हणाला.

इथेच, सिंगापूरच्या पुंगोलमध्ये वाढलेल्या लेकीने गळ्यात हात टाकले. "तुला विमानाची भीती वाटतेच ना? ओके लाह. थँक्स, आई."

विमान सुरेख उडालं. अगदी हलकं.

घरी आले तर फ्रिज रिकामा. घरातलं सगळं खाणं आकाशात होतं. खाली फूडकोर्टात नूडल्स घेतल्या. काउंटरवरच्या बाईने विचारलं, "हॅविंग हिअर?" घरी तरी कोण होतं? तिथेच बसून खाल्ल्या. संध्याकाळी बेटावरून फोटो आला. माझा तवा, काळंकुट्ट थालीपीठ आणि दोघांचे हसरे चेहरे. खाली जुईने लिहिलं होतं, 'करपलं. तू हवी होतीस.' मी उत्तरादाखल अंगठा पाठवला.

जुई गेल्यापासून घर फार नीटनेटकं असतं. सोफ्यावर टॉवेल नसतो, ओरडायला कारण नसतं. परवा ती फोनवर म्हणाली, "ये ना कधीतरी."

पूर्वी मी म्हटलं असतं, बघू गं, तुझा अभ्यास असेल. या वेळी बोलता बोलताच तिकीट काढलं.

"पुढच्या आठवड्यात? आई, माझी परीक्षा आहे. आत्ता नको."

नको म्हणाली खरी, पण एकदाच. आमच्याकडे एकदा म्हटलेलं नको कुणी धरत नाही. भाजणी भाजायला घेतली आहे.