किल्ला उजव्या हाताला

आमच्या मावशीचे यजमान, म्हणजे आमचे चाकणचे काका, यांना निवांत बसलेलं पाहिलंय असं देवासमोर सांगणारा माणूस त्या काळी अख्ख्या पंचक्रोशीत सापडला नसता. बाजारपेठेत त्यांचं कापडाचं दुकान होतं. दुकानातली गादी झिजली ती गिऱ्हाइकांनी बसून. मालक कायम उभे, हातात गज. हजामतीच्या दिवशी न्हावी एक गाल उरकून वस्तरा घेऊन अंगणभर त्यांच्या मागे हिंडायचा. जेवताना पाटावर टेकत, पण एक गुडघा उभाच. मागचा भात येईपर्यंत हात धुऊन मोकळे. घरच्या सत्यनारायणाला धाकट्या भावाला जोडीनं बसवायचे आणि आपण शिऱ्यावर नजर ठेवायच्या निमित्तानं चुलीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालायचे. मावशी म्हणायची, "अहो, टेका की जरा!" त्यावर उत्तर ठरलेलं, "बसून काय अंडी घालायचीत?"

आम्ही चिंचवडची मंडळी रविवारी त्यांच्याकडे गेलो, की पाण्याचा तांब्या ओठाला लागतो न लागतो तोच काका पायताण घालून उभे. "चला, किल्ल्याला चक्कर मारून येऊ." चाकणचा किल्ला भुईवरचा, त्यामुळे चढण नाही, पण चक्कर म्हणजे नुसता तट आणि खंदक नव्हे, तर मागचे कांद्याचे मळे, विहीर, बाभळीची रांग, असा सगळा पसारा. आणि किल्ला उजव्या हाताला राहिलाच पाहिजे, देवळासारखा. एकदा गप्पांच्या नादात आम्ही उलट्या बाजूनं निघालो, तर अर्ध्या वाटेवरून सगळ्यांना माघारी आणलं. आईचा राग कळसाला पोचला होता. पण बहिणीचा नवरा, बोलणार काय? चालता चालता काका वेढ्याची गोष्ट सांगत. पण ते एवढे पुढे असत, की मागच्यांना वेढा पडल्याचं तेवढं ऐकू येई. पुढे किल्ला पडला की राहिला, ते कळत नसे.

त्यांच्या जोडीनं चालू शके ती फक्त त्यांची एकुलती एक मुलगी, आमची ताई. लहानपणी तापात तिचा डावा पाय अधू झाला. वैद्यांनी सांगितलं, पोरीला चालवा. काकांना तेवढंच हवं होतं. उन्हातान्हात, थंडीवाऱ्यात बापलेक किल्ल्याभोवती फिरत राहिले. दमली की ताई पडक्या बुरुजाच्या एका दगडावर बसायची आणि काका तिच्याभोवती फेऱ्या मारायचे.

पण ताई लग्नाची झाली आणि त्याच पायाशी घोडं अडलं. तेव्हा बघायला आलेले पाहुणे मुलीला हमखास चालून दाखवायला सांगत. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताई मान खाली घालून चालायची, पाहुणे चहा संपवून "कळवतो" म्हणायचे आणि कळवायचे नाहीत. मावशीनं देव पाण्यात ठेवले होते.

त्या रविवारी तळेगावची माणसं आली तेव्हा आम्हीही तिथंच होतो. मुलाच्या वडिलांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "मुलीनं जरा चालून दाखवावं." मावशीच्या हातातला पदर पिळवटला गेला. दारात येरझाऱ्या घालणारे काका थांबले.

"दाखवंल की! पर या खोलीत काय दिसणार? उठा पाव्हणं, समदेच चालू."

नको म्हणायला कुणाला सवडच मिळाली नाही. मुलाचे वडील करकरीत नव्या जोड्यांत, आई जरीच्या लुगड्यात, मुलगा टोपी सावरत, अशी सगळी वरात खंदकाच्या काठानं निघाली. तिथं वाट अशी खाचखळग्यांची, की मागून पाहिलं तर सगळेच लंगडत होते. ताई मात्र पुढे. इथं भिंती नव्हत्या आणि तिची मानही खाली नव्हती. मुलगा धापा टाकत तिच्यामागे पोचला आणि म्हणाला, "जरा हळू चला की."

ताई वळली. "माझा डावा पाय अधू हाय. हळू चालले की जास्त दिसतो."

मावशीनं डोळे मिटून घेतले. मुलगा हसला. "मग चला तशाच. मी येतो मागनं."

मुलाचे वडील तोवर विहिरीच्या कठड्यावर बसून जोडा काढून टाच चोळत होते. "मुलगी चालते हो," ते कळवळून म्हणाले, "आता आम्हाला तेवढं घरी पोचवा!"

लग्न धूमधडाक्यात झालं. कन्यादानाच्या वेळी काका सारखे उठायला बघत होते, भटजींनी उपरणं धरून ठेवलं होतं. ताई तळेगावला गेली. पुढच्या रविवारी आम्ही मुद्दाम चाकणला गेलो. काका पायताण घालून उभे होतेच. निघालो, मावशीही आली. किल्ला उजव्या हाताला. त्या दिवशी काका आमच्याच चालीनं चालत होते, वेढ्याची गोष्टही निघाली नाही. पडका बुरूज आला तसे ते थांबले, ताईच्या दगडाकडे गेले आणि त्यावर बसले. चांगले मांडी घालून बसले.

जन्मभर त्यांना टेका म्हणणारी मावशी पुढे झाली आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, "अहो, उठा की. असं बसू नका."

"व्हय, उठतो," काका म्हणाले. पण बराच वेळ ते उठले नाहीत.