हुकमाने न वाजलेलं डफडं

मामेभावाचा फोन आला तेव्हा मी अंगणात तुरीची डाळ पाखडत होते. "ताई, बाबा गेले," तो म्हणाला. मी विचारलं, "जेवायला काय केलंय?" तिकडून हुंदका आला. सून माझ्याकडे बघतच राहिली, म्हातारीचं डोकं फिरलं म्हणून. फिरलं नव्हतं. कैक वर्षांपूर्वी लहानूमामाने असाच सांगावा धाडला होता, लहानूचं काही खरं नाही, लवकर या. आम्ही उमरखेडहून एसटीत रडत रडत ढाणकीला उतरलो, तिथून पायी आजोळी पोचलो, तर हा चुलीपाशी बसून कोथिंबिरीच्या सांबारवड्या तळत होता. "मेल्यावर याल तं मले काय उपेग? आता आले ना, मंग जेवा!" ...या वेळी वड्या नव्हत्या.

भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, मोठा गमत्या माणूस हो. होताच. पण एवढंच म्हणून लोक उठतात, तेव्हा मला त्यांच्या चहात मीठ टाकावंसं वाटतं. त्याच्या गमतीखाली विस्तव असायचा, तो मी बघितलाय.

छप्पन साली आमच्या वस्तीने बौद्ध धम्म घेतला. मामा तेव्हा विशीतला. पांढरा सदरा घालून नागपूरला गेला, परतला तेव्हा सदरा मळलेला होता आणि मान ताठ. तोवर रीत अशी, की गावच्या लग्नात, मिरवणुकीत, पोळ्यात आमच्या माणसांनी डफडं वाजवायचं आणि पंगती उठल्यावर उरलंसुरलं पदरात घेऊन मागल्या वाटेने घरी यायचं. वस्तीने ठरवलं, बस झालं. कितीएक डफडी त्या आठवड्यात चुलीत गेली. मामाने मात्र आपलं खुंटीवरून काढलं नाही. वडीलधारे चिडले. "गुलामीची निशाणी हाये ते, लहानू!" मामा म्हणाला, "गुलामी हुकमात होती, काका. डफड्यानं कोणाचं काय केलं? देव सोडले म्या. बैल नाई सोडले, अन् हे बी नाई सोडत."

पुढच्या वर्षीच्या पोळ्याला मी आईबरोबर आजोळी होते. नवा परकर, डोक्याला चपचपीत तेल, आणि अक्कल म्हणाल तर बेताची. गावच्या वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधायचे. त्याच्यामागे सगळ्यांचे सजवलेले बैल ओळीने उभे राहायचे, आमच्यांचे सर्वांत शेवटी. झडत्या म्हणून व्हायच्या, म्हणजे एकमेकांना चिमटे काढणाऱ्या जोडओळी, महादेवाच्या नावाने संपणाऱ्या. मग मामाचं डफडं कडाडायचं आणि बैल तोरणाखालून धावत सुटायचे. पोळा फुटायचा.

त्या दुपारी पाटलाचा माणूस दारात आला. "लहान्या, डफडं घेऊन चाल."

"लहान्या इथं राह्यत नाई," मामा घरातूनच म्हणाला. "लहानूजी राह्यते. त्याले इचारून पाहू का?"

"पाहून घे बरं लहान्या! तुहे बैल तोरणाखाली येऊ देणार नाई मंग."

"ते बी लहान्यालेच सांग. भेटला तं."

माणूस तणतणत गेला. वस्तीत कुणी हसलं नाही. पाटलाच्या वावरावरच सगळ्यांची चूल पेटायची. आणि मी काय करावं? जमिनीवर लोळण घेतली! मला वेशीतलाच पोळा पाहिजे, मामा वाईट आहे, मी पाटलाच्या घरी राहायला जाते. त्या घराची पायरीसुद्धा आम्हाला चढता येत नव्हती, आणि ही महाराणी तिथे मुक्कामाला निघाली होती! मामाने मला बखोटीला धरून उठवलं. "पोरी, परकर मयवू नको. पोळा इथं येते का नाई, पाह्य."

त्याने दोन बांबू रोवले, पळसाच्या पानांचं तोरण बांधलं, आपली जोडी उभी केली. कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ करून डफडं शेकलं. चामडं तापलं की तो ते कानाशी न्यायचा, नखाने टिचकी मारायचा आणि आम्हा पोरांना विचारायचा, "बोलते का?" आम्ही ओरडायचो, "बोलते!" तसं विचारलं, तसं आम्ही ओरडलो. मग तो छाती फुगवून म्हणाला,

"चाराचे आठ केले, आठाचे सोळा,
डफडं आमच्या घरी, कसा फुटन तुमचा पोळा?"

शेवटाला महादेव नाही. त्या जागी काड्या पडल्या डफड्यावर.

तिकडे वेशीत गावाने हिशेब केला होता, डफडं नसलं तर नसलं, टाळ्या पिटू. पण बैलांना कुणी विचारलं नव्हतं. वर्षानुवर्षं त्यांना एकच ठाऊक, हा आवाज आला की सुटायचं. आधी मानाची जोडी सुटली, मग झाडून सगळी. रंगवलेली शिंगं, पाठीवर झुली, मागे कासरे धरून फरफटणारे धनी... आणि सगळी वरात आमच्या वस्तीत! मी पळसाच्या तोरणाखाली उभी राहून इतकी हसले, की नवा परकर धुवायला टाकावा लागला.

मागोमाग पाटील आला, धोतराचा सोगा हातात धरून. "तुवा बोलावले बैल!"

मामाने काड्या खाली ठेवल्या नाहीत. "मी माह्या जोडीसाठी वाजवून राह्यलो होतो, पाटील. तुमच्या बैलायनं आयकलं, त्याले मी काय करू? त्याईले जात नाई समजत."

त्याची किंमत त्याने मोजली. त्या हंगामात गावात एकानेही त्याला काम दिलं नाही. तो झरी जामणीच्या जंगलात बांबू तोडायला गेला, डफडं पाठीवर बांधून. परतला तो दाढी वाढवून आणि तिथल्या कोलाम आदिवासींची चार गाणी शिकून. पुढल्या पोळ्याला गावाने उमरखेडहून बँड आणला. बैल बिचकले, अर्ध्यांनी बसकण मारली. मग निरोप आला, लहानूजी, या. त्याने उलटा निरोप धाडला: न्योता द्या, पंगतीत सोबत बसवा, येतो. पाटलाकडून न्योता कधी आला नाही. तोही कधी गेला नाही. ज्यांनी पंगतीत बसवलं, त्यांच्या दारी मात्र पहाटेपर्यंत वाजवलं.

जाण्याआधी त्याने डफडं माझ्याकडे धाडून दिलं. परवा त्या पाटलाचा नातू भेटायला आला. भला पोरगा, माझ्या हातचा चहा पिऊन म्हणाला, "आजी, मामाचं डफडं गावाले द्या. वेशीत ठेवू, हार घालू."

"हार घातलेलं डफडं वाजते का रे?" मी विचारलं. "पोळ्याले वस्तीत ये. जेवाले ये. तिथं वाजन."

"कोण वाजवन, आजी?"

खरंच की! माझ्या हाताला ताल नाही. मामा म्हणायचा, तू वाजवलं की वाटते गाडग्यात पाल पडली. नसेना ताल. काल सून बाजारात गेली तशी मी गॅस पेटवला, खुंटीवरून डफडं काढून शेकलं, कानाशी नेलं, नखाने टिचकी मारली. दारातून माझा नातू ओरडला, "आजी, काय करून राह्यली?"

मी विचारलं, "बोलते का?"