टेकडीची पाळी

धारला साडूकडे मी पाचवा बाफला तुपात बुडवत होतो, तेव्हा देवासच्या बसस्टँडवरून जगदीश कंडक्टरचा फोन आला. "भिया, मंदाजीजी नहीं रही," म्हणाला, आणि थांबला... मग तेच वाक्य, त्याच चालीत, पुन्हा. आमच्या स्टँडवर सगळेच असे दोनदा बोलतात, ती सवय तिनंच लावलेली. साडूची बायको सांगते की मी असा ओरडलो, की धारच्या किल्ल्यावरची कबुतरं उडाली ती मांडवगडाला जाऊन बसली. मला ओरडणं आठवत नाही. दोन वाक्यांमधली ती रिकामी जागा तेवढी आठवते. आणि आज हे लिहायला बसलोय ते त्या जागेसाठीच. रडगाणं गायला नाही, भांडायला.

मंदाजीजी एकतीस वर्षं देवासच्या स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारायची. मी शेजारच्या खिडकीत तिकिटं फाडायचो. मध्ये प्लायवूडची एक फळी, आणि फळीला भोक, त्यातून माझी सुपारी नियमित चोरीला जायची. आवाज असा, की इथं तिनं "खातेगांव" म्हटलं की तिकडे खातेगांवातल्या सासवा जावयासाठी चहाचं आधण ठेवत. धामनोदच्या ढाब्यावर घोरणारे ट्रकवाले दचकून गिअर टाकत. खोटं वाटत असेल तर त्या सासवांना विचारा.

पण तिची खरी करामत आवाजात नव्हती. स्टँडच्या छतावरचा भोंगा तोंड करून होता सरळ देवीच्या टेकडीकडे. इथून शब्द गेला की टेकडी तो झेलायची आणि दोन-तीन सेकंदांनी परत फेकायची. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात जीजीनं घाईघाईनं दुसऱ्यांदा पुकारलं, तिचा शब्द टेकडीच्या शब्दावर आपटला, आणि उज्जैनला निघालेली एक अख्खी वरात धारला पोचली. (नवरदेवाला तिकडची मुलगी जास्त पसंत पडली म्हणतात, पण ते सोडा.) तेव्हापासून तिनं नियम केला. एकदा आपण बोलायचं, मग गप्प राहायचं, ती टेकडीची पाळी. टेकडीचं बोलून झालं की मग पुन्हा आपण. एकतीस वर्षांत एकही प्रवासी चुकीच्या गाडीत बसला नाही.

आणि मग बसमालकांच्या संघटनेतल्या शहाण्यांनी तिथं मशीन बसवलं! कुठल्या गावची कोण बाई, तिचा भरून ठेवलेला गुळगुळीत आवाज, "यात्रीगण कृपया ध्यान दें". ती ना थांबते, ना ऐकते. टेकडी बोलत असते आणि ही तिच्या तोंडावर बोलत सुटते. दोघींच्या भांडणात गाडी कुठली, हे जगदीशलासुद्धा कळत नाही. जीजीला एक शाल दिली आणि घरी पाठवलं.

घरी बसून जीजी गप्प राहणारी नव्हतीच. स्टँडवर असतानाही दुपारी माइक बंद करून ती स्वतःची गाणी म्हणायची, अर्धी मराठी, अर्धी माळवी, सगळी गाड्यांची आणि वाट पाहणाऱ्यांची. तिच्या भावाचा मुलगा रितेश, गादीवाल्याच्या दुकानावर त्याचा स्टुडिओ. तो म्हणाला, "आत्या, तुझा अल्बम काढू. पॉप."

"पॉप म्हणजे काय रे?"

"ज्याच्यावर पोरी रील बनवतात."

"बनवू दे की. तेवढीच हालचाल."

साठीला टेकलेली बाई, आणि पहिला अल्बम! मला वाटलं होतं, बाई बसेल, वाजवणारे बसतील, एक-दो-तीन म्हणायचं आणि झालं. छे! आधी मशीनची टिकटिक. तिच्यावर ढोलाचा थर, त्याच्यावर गिटार, तीही कुठल्या दुसऱ्या गावाहून आलेली, फोनवर. त्या गिटारवाल्यानं जीजीला कधी पाहिलंसुद्धा नाही. सगळ्यांचं वाजवून झालं की शेवटी गाणारी. तीही एकटी, कानाला डबडी लावून, एकेक ओळ. आणि खोली कशी, तर चारी भिंतींना खालच्या दुकानातल्या गाद्या! शिंकलं तर शिंक नाकातच विझावी.

जीजीनं पहिली ओळ म्हटली आणि थांबली. टिकटिक पुढे निघून गेली.

"आत्या, लेट येतेस तू."

"लेट नाही रे. टेकडीची पाळी आहे."

"इथं कुठंय टेकडी?"

"तुझ्या गादीत नसेल. माझ्या कानात आहे."

मी कोपऱ्यात. मला रिकामी जागा दिसली की तोंड आवरत नाही. दर वेळी ती थांबली की मी "वाहवा!" ठोकायचो आणि ती ओळ वाया जायची. शंभरेक ओळी तरी मी बुडवल्या. शेवटी तिनं डबडी काढली. "दामूभिया, एकतीस वर्षं शेजारी बसलात. सुपारी सोडून काहीच शिकला नाहीत का हो?"

रितेशच हरला. त्यानं टिकटिक बंद केली, ढोल तिच्या हिशेबानं थांबवला. मग ऐकलं आम्ही. एक ओळ... मग काहीच नाही... मग तीच ओळ पुन्हा, पण तेवढ्या वेळात कुठंतरी जाऊन आल्यासारखी. रितेश खुर्चीतून उठून उभा राहिला. "आत्या, ये तो गजब है." माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, ते खालच्या गाद्या भिजवून गेलं.

शेवटची भेट दवाखान्यात. आवाज पार बसलेला. म्हणाली, "अल्बम निघेल तेव्हा मी असेन-नसेन. माझी रिकामी जागा कुणी भरली तर भांडा, दामूभिया. तुम्हाला दुसरं येतं काय?"

ती गेल्यावर पंधरा दिवसांनी अल्बम निघाला. सातही गाणी, आणि एकाही गाण्यात एक श्वासभर जागा नाही! ओळीला ओळ अशी चिकटवलेली, जशी लग्नसराईत इंदूरच्या गाडीतली माणसं. तिच्या गळ्यातली धुळीची खरखरसुद्धा धुऊन काढलेली. मरेपर्यंत जी बाई मशीनसारखी बोलली नाही, तिला मेल्यावर मशीन केलं!

मी स्टुडिओचा जिना एका ढांगेत चढलो. रितेश मान खाली घालून बसलेला.

"अल्बम विकणारे इंदूरचे कंपनीवाले म्हणाले, काका. तीन सेकंद काही वाजलं नाही तर लोक गाणं पुढे ढकलतात."

"ढकलू दे! तिच्यासाठी लोक इंजिन बंद करून थांबायचे रे, इंजिन!"

"मीच कापलं," तो म्हणाला. "मला वाटलं... आत्याला चार लोकांनी तरी ऐकावं."

"चार लोकांनी ऐकलं, ठीक. पण ऐकलं कुणाला?"

आयुष्यात पहिल्यांदा कुणाला गप्प केल्याचा मला आनंद झाला नाही. कंपनी आता अल्बम बदलणार नाही, तसं तिनं लिहूनच घेतलंय त्याच्याकडून. पण त्यानं ड्रॉवर उघडला आणि एक पेनड्राइव्ह माझ्या मुठीत दाबला. न कापलेली सात गाणी, खरखरीसकट.

परवा चारच्या खातेगांव गाडीआधी मी तिच्या जुन्या खिडकीत शिरलो. जगदीशनं मशीनची वायर उपटली. (संघटनेनं हे वाचलं तर वायर मीच उपटली, असं समजावं.) भोंग्यातून पहिली ओळ गेली. आणि ती थांबली.

माझं तोंड उघडलं होतं. "वाहवा" जिभेवर आलं होतं. खातेगांवच्या ड्रायव्हरनं आपण होऊन इंजिन बंद केलं. चहावाल्यानं स्टोव्ह बारीक केला. मी प्लायवूडच्या त्या भोकाकडे बघत ओठ गच्च मिटले...

टेकडीनं तिची ओळ परत केली. मग पुन्हा जीजी.

आता रोज एक गाणं लागतं, चारच्या गाडीआधी. कंपनीला काय विकायचं ते विकू दे. ज्याला मंदाजीजी ऐकायची असेल त्यानं देवासला यावं, आणि पहिल्या ओळीनंतर तोंड बंद ठेवावं.

मीसुद्धा ठेवतो.