आप्पांच्या सायकलचा खटका

निवृत्त झाल्यावर दोन-चार वर्षांनी आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझी जुनी रोड सायकल मागून घेतली. ते दौंडला राहतात आणि मी शिरूरला. कारेगावच्या एका कारखान्यात मी नोकरी करते आणि रविवारी सकाळी सायकल चालवते. मी नवी सायकल घेतली तेव्हा जुनी पडूनच होती. "भंगारात देऊ नको. मी बघतो चालवून," ते फोनवर म्हणाले. मला वाटलं, चार दिवस चालवतील आणि अंगणात लावून ठेवतील.

तसं झालं नाही. त्या हिवाळ्यात आमचा एक रिवाजच पडला. रविवारी उजाडता उजाडता ते दौंडहून निघायचे, मी शिरूरहून न्हावऱ्यामार्गे, आणि पारगावच्या पुलावर आम्ही भेटायचो. भीमेवर इतकं धुकं असायचं की पलीकडचा काठ दिसायचा नाही. कठड्याला सायकल टेकवून मी थांबायची. खाली पाणी आहे हे फक्त ऐकू यायचं. आसपासच्या गुऱ्हाळांतून पाक उकळल्याचा गोड, धुरकट वास यायचा आणि धुक्यातच अडकून राहायचा. मग त्या पांढऱ्यातून आधी चेनची बारीक सळसळ, मग आप्पांचा मफलर, मग आप्पा. दर वेळी मला वाटायचं, आपण अजून झोपेतच आहोत.

आप्पा मालगाडीचे गार्ड होते. सगळी नोकरी गाडीच्या शेवटच्या डब्यात गेली. पुलावर चहा पिताना एकदा म्हणाले, "मी आख्खा मुलूख पाठमोरा बघितला बघ. सगळं लांब लांब जाताना. आता सायकलवर बसलो की झाडं समोरनं येत्यात. बरं वाटतं."

मग एका रविवारी पूल ओलांडून आम्ही शिरूरच्या बाजूला निघालो होतो. बेत असा, की आज त्यांनी थेट माझ्या घरापर्यंत यायचं. पुलानंतर रस्ता जरा चढतो. आप्पा पॅडलवर उभे राहिले, जोर दिला, आणि खर्रकन आवाज होऊन सायकल जागीच अडली. ते उसाच्या कडेला उतरले, पडले नाहीत. मागचं चाक तिरकं होऊन फ्रेमच्या डाव्या नळीला घासत होतं.

अशा सायकलचं चाक एका सळईवर धरलेलं असतं. ती आसाच्या पोकळीतून आरपार जाते, तिच्या एका टोकाला नट आणि दुसऱ्या टोकाला मिटायचा लिव्हर. लिव्हर मिटला की चाक आवळलं जातं, उघडला की पान्याशिवाय निघतं. दुकानात त्याला क्विक रिलीज म्हणतात, आप्पा म्हणायचे खटका. या सायकलची फ्रेम जुन्या घडणीची, चाक बसायच्या खाचा आडव्या. खटका सैल असला की चेनच्या ओढीनं चाक पुढं सरकतं.

"मिटला होता ना नीट?" मी विचारलं.

"मिटला की," ते म्हणाले. मग आपल्या हातांकडं बघत राहिले. बोटांचे सांधे गेल्या वर्षापासून सुजलेले होते. "मला वाटलं, मिटला. पोरी, हातच ऱ्हायलं न्हाईत आता. सायकल घेऊन जा तू."

मी चाक सरळ करून खटका आवळला, पण ते परत बसले नाहीत. जवळच्या गुऱ्हाळावर आम्ही सायकली नेल्या. तिथल्या माणसानं पानावर गरम गूळ दिला. आप्पांनी तो हातात धरून ठेवला, गार होईस्तोवर. काहिलीवरची वाफ धुक्यात मिसळत होती आणि त्या दोन्हींच्या मधोमध बसलेले ते मला फार लांबचे वाटले.

आप्पांना दौंडच्या गाडीत बसवून दोन्ही सायकली टेम्पोतून घरी आणल्यावर मी खटका काढून पाहिला. जांभळ्या रंगाचा, पिसासारखा हलका, मीच कधीतरी हौसेनं बसवलेला. त्याचा कॅम, म्हणजे लिव्हर मिटताना सळई ओढून धरणारा उंचवटा, उघडा होता, खाली प्लास्टिकची चकती, तीही झिजून चपटी झालेली. नटाचे फ्रेमला धरणारे दात गुळगुळीत. मी फोन केला, "आप्पा, दोष तुमच्या हाताचाच न्हाई. खटकाच हलका हाय." ते म्हणाले, "बरं." पण त्या बरंमध्ये काही नव्हतं.

पुढच्या सुट्टीला मी त्यांना पुण्याला नेलं. येत नव्हते, पण जुना खटका मी त्यांच्या खिशात घातला आणि म्हटलं, "लांबी मापायला तुम्हीच हवेत." दुकान एका मध्यमवयीन बाईंचं होतं. त्यांनी जुना खटका काउंटरवर ठेवून माप घेतलं, मग तीन प्रकार पुढं मांडले. एक रंगीत आणि हलका. आप्पांच्या हाताला तो लगेच मिटला.

"सोपा हाय हा," आप्पा म्हणाले.

"सोपा आहे, कारण धरतच नाही," बाई म्हणाल्या.

दुसरा लिव्हर नसलेला, किल्लीनं आवळायचा. धरणारा होता, पण आप्पांनी मान हलवली. माझ्या घरून परतताना सायकल माझ्या मोटारीत घालायची तर चाकं काढावी लागणार, त्यासाठी किल्ली शोधत बसणं त्यांना नको होतं. तिसरा पोलादी, वजनदार, कॅम आत झाकलेला, नटाला धारदार दात. दिसायला अगदी साधा. आप्पांनी दुकानातल्या एका सायकलवर तो मिटून पाहिला. अर्ध्यावर आला आणि थांबला. त्यांनी हात मागं घेतला आणि दाराबाहेर बघू लागले.

बाईंनी आतून तसाच, पण लांब लिव्हरचा एक आणला. "काका, बोटांनी दाबू नका. बोटं या नळीभोवती गुंडाळा आणि तळव्यानं रेटा. अर्ध्यावर घट्ट लागायला लागला म्हणजे नट बरोबर बसलाय. तळव्यावर वळ उठला पाहिजे."

आप्पांनी बोटं गुंडाळली, खांदा थोडा खाली घेतला, रेटलं. लिव्हर सावकाश वळला आणि फ्रेमला लागून बसला. त्यांनी चाक धरून हलवलं. पुन्हा उघडला, पुन्हा मिटला. किती वेळ ते तसंच करत होते. मग तळहात माझ्यापुढं धरला. मधोमध लाल रेघ होती. "व्हय," एवढंच म्हणाले.

पुढच्याच्या पुढच्या रविवारी धुकं होतं. पूल ओलांडला, चढ आला. मी मुद्दाम मागं राहिले. ते उभे राहिले तशी मी कान दिला. नुसती चेन, नुसता श्वास. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही आणि हळूहळू ते धुक्यात शिरले. मी त्यांच्या आवाजामागून गेले. ऊस, कांद्याची वाफ्यातली हिरवी ओळ, एखादी म्हैस, सगळं वितळून पुन्हा घट्ट होत होतं. न्हावऱ्याच्या अलीकडं ऊन आलं आणि दोघांच्या सावल्या रस्त्यावर पडल्या.

शिरूरला माझ्या दारात पोचलो तेव्हा शेजारीण तांदूळ निवडत बसली होती. "आप्पा, गाडी कुठंय?" तिनं विचारलं. "हीच की," ते म्हणाले आणि सायकल भिंतीला टेकवली. मग पिठलं-भाकरी जेवून खाटेवर असे झोपले की उन्हं कलली तरी उठेनात.

अजून ते चालवतात. गारठा फार असला की बोटं ऐकत नाहीत. तेव्हा ते जरा बाजूला होतात आणि खटका मी मिटते. ते फक्त चाक एकदा हलवून बघतात आणि आम्ही निघतो.